गटाची गन : घाटात पळणाऱ्या नऊ जणांच्या प्रकल्प नोंदी

८ जून, रविवार

आज यंदाचा पहिला पूर्ण घाट. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या वरपर्यंत आणि तसंच खाली. सप्टेंबरातल्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला गटातल्या नऊ जणांनी नाव घातलंय, त्यातल्या सहा जणांची पहिलीच खेप. या सहांना भीती आहे ती चढाची. आधी पळून बसलेल्या आम्हा तिघांना ठाऊक आहे की मांड्यांची वाट लागते ती उतारावर.

खाली आल्यावर टपरीवर चहा घेताना तात्यांनी विषय काढला. त्यांच्या भाच्याकडे पुण्याला मसाज गन आहे, थकलेल्या स्नायूंना भराभर ठोके देणारं यंत्र, मुठीत मावेल एवढं. "नऊ जणांत एक घेऊ. माणशी तीनशे." म्हणजे २,७०० रुपये. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एमआयडीसीत टूलरूमला आहे आणि गटाच्या मते जगात स्क्रूनं बांधलेलं जे जे आहे ते माझ्या खात्यात येतं. बरं म्हणालो. अट एकच, मोजल्याशिवाय घेणार नाही. म्हणून ही वही.

१० जून, मंगळवार

कंपनीतला जिना चढताना काही नाही, उतरताना कठडा धरावा लागला. रविवारी पळालो, सोमवारी बरा होतो, आज मांड्या दगड. हे असंच असतं. सवयीबाहेर उतार पळाला की दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला जातं आणि मग आपोआप ओसरतं.

बँकेतल्या मॅडमनी ग्रुपवर लिहिलं की पायात लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय, गननं ते निघून जाईल. गनच्या निम्म्या जाहिरातींतही हेच वाक्य आहे. पण धावणं थांबल्यावर रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं. रविवारी सकाळी संपलेली गोष्ट मंगळवारी दुखवणार कशी? खरं कारण उतारात आहे. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे ताण धरून ठेवत लांब होत जातो. त्यात स्नायूच्या आतल्या बारीक धाग्यांना इजा होते आणि ती दुरुस्त होताना सूज आणि दुखरेपणा येतो. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूच्या आतल्या फाटण्याशी जोडला होता. सव्वाशे वर्षं होत आली, जाहिरातीपर्यंत अजून पोचलेलं नाही.

संध्याकाळी ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. गन घ्यावी का, असं सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "घ्या की. पाय हलके वाटतील, सांधा जरा मोकळा हलेल. फाटलेलं शिवून मिळणार नाही." मग त्यांनीच २०२० चा एक अभ्यास दाखवला. आंद्रेयास कोनराड आणि सहकाऱ्यांनी १६ पुरुषांच्या पोटरीवर हायपरव्होल्ट गन पाच मिनिटं चालवली. घोट्याची हालचाल सरासरी पाच अंशांहून थोडी जास्त वाढली, पोटरीची ताकद होती तेवढीच राहिली. वाढलीही नाही, घटलीही नाही. मला हे पुरेसं वाटलं. या यंत्राकडून काय मागायचं ते ठरलं आणि काय मागायचं नाही तेही.

१४ जून, शनिवार

दुपारभर ऑनलाइन. डोकं उठलं.

३० स्पीड, ९९ स्पीड, ८ डोकी, १० डोकी, "डीप टिश्यू", "प्रोफेशनल". एका ८९९ रुपयांच्या गनवर ७,२०० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० ठोके. चांगल्या, महागड्या गनसुद्धा १,७५० ते ३,२०० च्या दरम्यान फिरतात. हा आकडा मोटरचा असेल नाहीतर कुणाच्या तरी मनातला.

आणि ज्या आकड्यावर खरं तर सगळं अवलंबून आहे तो निम्म्या ठिकाणी लिहिलेलाच नाही. तो म्हणजे स्ट्रोक : डोकं एका ठोक्यात किती मिलिमीटर पुढे येतं. आत यंत्र साधं आहे. मोटरच्या शाफ्टवर मध्यापासून जरा बाजूला एक पिन, पिनेवर छोटा कनेक्टिंग रॉड, रॉडच्या पुढे सरळ मागेपुढे होणारा पिस्टन, पिस्टनवर गोळा. मोटरसायकलच्या इंजिनाचंच उलटं काम. पिन मध्यापासून जेवढी बाजूला, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. पिन तीन मिलिमीटर बाजूला असेल तर गोळा सहा मिलिमीटर पुढे येणार, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

संदर्भासाठी : थेरागनच्या मोठ्या मॉडेलचा स्ट्रोक १६ मिलिमीटर, तिच्याच मिनीचा १२, हायपरव्होल्ट गोचा १०. (थेरागनचा कर्ता जेसन वर्सलँड हा कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणका-सांध्यांवर हातानं उपचार करणारा. २००७ मध्ये त्याला मोटरसायकलचा अपघात झाला आणि स्वतःच्या दुखण्यासाठी त्यानं पॉवर टूलमध्ये फेरफार करून पहिली गन केली. आमच्या टूलरूममध्ये हे सांगितलं तर दोघं जण लगेच जिगसॉकडे, म्हणजे विजेच्या करवतीकडे, बघायला लागले. त्यांना थांबवलं.) या दोन्ही कंपन्या आमच्या २,७०० च्या बाहेर. पण मोजपट्टी म्हणून उपयोगी : छोटी गन घ्यायची तर ८ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही. त्याखाली ती स्नायूला ठोकत नाही, कातडी थरथरवते.

१५ जून, रविवार

पळणं हलकं, १० किलोमीटर सपाट. चहावर गटाकडून मागण्या गोळा केल्या. वहिनी : आवाज नको, पहाटे साडेपाचला गाडीत वापरायची आहे. तात्या : जड नको, मनगट धरतं. मास्तर : चार्जर वेगळा नको, हरवतो. धाकटा (गटातला, वय २३) : एलईडी स्क्रीन पाहिजे. धाकट्याची मागणी नोंदवली.

१९ जून, गुरुवार

तीन गन जमल्या, एक दोन दिवसांत येईल.

काळी : ऑनलाइन, १,४९९ रुपये. परत करता येते म्हणून मागवली. खोक्यावर १२ मिलिमीटर, ३० स्पीड, २,५०० एमएएचची बॅटरी. आलेली ही पहिली.

पिटुकली : ८९९ रुपयांची ७,२०० आरपीएमवाली. धाकट्यानं स्वतःच्या पैशांनी मागवली आहे, यायची आहे.

मोठी : जिममधल्या ट्रेनरची, उसनी. सव्वा किलोची, साडेपाच हजारांना घेतलेली. ही घ्यायची नाही, तुलनेला.

राखाडी : राजवाड्याजवळच्या सर्जिकल दुकानातून. एमआरपी ४,९९९, दुकानदारानं २,८०० सांगितले, दोन रविवार वापरून आवडली तर २,६५० म्हणाला. खोक्यावर १० मिलिमीटर, चार स्पीड. अनामत म्हणून हजार ठेवून घेतले. त्याचं बरोबर आहे, मी असतो तर दोन हजार ठेवून घेतले असते.

२२ जून, रविवार

पाऊस जोरात, घाट रद्द. टूलरूमची किल्ली माझ्याकडेच, सकाळी नऊ ते एक तिथंच. धाकटा मदतीला आणि अर्थात पिटुकली घेऊन.

स्ट्रोक. गन बंद ठेवून बेंच व्हाइसमध्ये जबड्यांना कापड लावून धरली. डोकं हातानं दाबून पूर्ण आत, मग ओढून पूर्ण बाहेर. शेवटच्या टोकाला पिस्टन अडून बसतो, तेव्हा बटण क्षणभर दाबून सोडायचं की तो सुटतो. टूलरूमचा डायल (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) १० मिलिमीटरपर्यंतच जातो, म्हणून मोठीला व्हर्नियरची डेप्थ पट्टी लावली. प्रत्येकीचं पाच वेळा.

पिटुकली ३.९. काळी ६.५. राखाडी ९.४. मोठी ११.८.

काळीच्या खोक्यावर १२ लिहिलंय आणि आत ६.५ आहे. धाकटा म्हणाला, जाताना सहा आणि येताना सहा असे बारा धरले असतील. हसलो, पण मला वाटतं तेच खरं आहे. राखाडीत ०.६ कमी भरले, ते गोळ्याच्या रबरात दबले असं धरून सोडून दिले.

वेग. मोबाइलचं स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेम काढतं. गोळ्यावर मार्करनं एक रेघ मारली, मागे स्टीलची पट्टी उभी केली आणि फ्रेम मोजत बसलो. काळी, तिसावा स्पीड : १०० फ्रेममध्ये १९ ठोके, म्हणजे मिनिटाला सुमारे २,७००. पहिला स्पीड सुमारे १,५००. मधल्या १,२०० मध्ये ३० पायऱ्या, म्हणजे पायरीला जेमतेम चाळीस. डोळे मिटून अकरावा की चौदावा ते धाकट्याला एकदाही ओळखता आलं नाही. राखाडीच्या चार पायऱ्या मात्र प्रत्येक वेळी ओळखल्या : साधारण १,८००, २,२००, २,६०० आणि ३,०००. चारच पुरतात. पिटुकलीत ७,२०० कुठंही सापडले नाहीत.

दाब. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि खोक्यावर कधीच नसतो. मोकळ्या हवेत कुठलीही गन धडधडते, मांडीवर दाबली की कळतं. मोटर कमजोर असेल तर गोळा जागीच थांबतो आणि नुसती गुणगुण राहते. घरचा जुना स्प्रिंगचा वजनकाटा आणला होता. डिजिटल काटा थरथरीनं वेडा होतो, आकडा ठरत नाही. काट्यावर टॉवेलची चौपदरी घडी, त्यावर गन टेकवून हळूहळू दाबत न्यायची, डोकं थांबलं की काट्यावरचा आकडा धाकट्यानं ओरडायचा.

पिटुकली दीड किलोला बसली. काळी वरच्या स्पीडला चार किलोला बसली आणि खालच्या स्पीडला अडीचला. राखाडी खालच्या स्पीडला सहा, वरच्याला नऊ. मोठी १५ किलोपर्यंत थांबली नाही, पुढे मीच थांबलो, काटा आईचा आहे.

आता हे पायाच्या भाषेत. सकाळी स्वतःच्या मांडीवर काटा-टॉवेलचा अंदाज घेऊन दाबून बघितलं. पळून भरलेल्या मांडीवर मी आपसूक तीन ते पाच किलोच्या मध्ये दाबतो, त्यापुढे दुखतं. म्हणजे काळी नेमकी तिथं मरते जिथं तिची गरज सुरू होते. राखाडीला दुपटीची जागा शिल्लक आहे. मोठीची ताकद आम्हाला लागणारच नाही, तिच्या वजनानं मनगट मात्र रोज दुखेल.

अजून एक, जे मोजलं नाही पण जाणवलं. काळी दोन मिनिटं धरल्यावर माझ्या बोटांना मुंग्या आल्या. आत पिस्टनचा तोल सांभाळायला उलट बाजूचं वजन नीट बसवलेलं नसणार, म्हणून अर्धा मसाज धरणाऱ्याच्या हातालाच होतो. राखाडीत हे फारच कमी.

२५ जून, बुधवार

बॅटरी. एकटा एमएएच आकडा काही सांगत नाही, व्होल्ट सोबत असले तर दोन्हींचा गुणाकार खरी ऊर्जा सांगतो. राखाडीच्या लेबलवर ७.४ व्होल्ट, १,५०० एमएएच, म्हणजे ११.१ वॉट-तास. काळीवर नुसतेच २,५०० एमएएच. एकच सेल धरला, ३.७ व्होल्टचा, तर सव्वानऊ वॉट-तास व्हायला हवेत.

यूएसबी मीटर मध्ये लावून दोन्ही पूर्ण रिकाम्या करून पूर्ण भरल्या. राखाडीनं १२.८ वॉट-तास ओढले. चार्ज होताना थोडी ऊर्जा उष्णतेत जातेच, म्हणजे लेबल खरं. काळीनं ७.३ ओढले. त्यातून नुकसान वजा केलं तर सेल सतराशेच्या आसपासचा निघतो.

काळीला माझ्या मोबाइलच्या चार्जरची केबल लावली, जिची दोन्ही टोकं टाइप-सी आहेत. काहीच होईना. मेली असं वाटलं. मग जुनी, एका टोकाला चपटी यूएसबी असलेली केबल लावली तर लगेच दिवा लागला. राखाडीचंही तेच! स्वस्त वस्तूंत भोक टाइप-सीचं देतात, पण आतला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर वाचवतात. तो नसला की नव्या चार्जरला समोर कुणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. रेझिस्टरची किंमत पैशांत मोजावी लागेल इतकी कमी आहे. मास्तरांना सांगायला हवं, त्यांच्याकडे नवीच केबल असणार.

राखाडीच्या पुस्तिकेत बॅटरीचा आर-नंबर (भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, नोंदणी क्रमांक) होता, आयएस १६०४६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाखालचा. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला, नोंदणी सापडली, उत्पादकाचं नाव जुळलं. काळीवर नंबर नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, तक्रारीचा नंबर नाही. हे छापणं पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. लिथियमची वस्तू उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत पडून राहणार, तेव्हा मी या बाबतीत उदार व्हायला तयार नाही.

काळी परत पाठवायचं आज ठरलं.

२९ जून, रविवार

घाटात धुकं आणि रिपरिप. मास्तर पालखीत वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळायच्या सेवेला गेले होते, म्हणून आठच जण. राखाडी सगळ्यांच्या पायांवर, माणशी चार मिनिटं : दोन्ही मांड्या आणि दोन्ही पोटऱ्या, प्रत्येकी एक. ३२ मिनिटांनंतर बॅटरीचा एक दिवा गेला, तीन राहिले.

आवाज. गाडीची दारं लावून, दुसऱ्या स्पीडवर वहिनी फोनवर बोलू शकल्या आणि पलीकडच्या माणसानं "मिक्सर चालू आहे का" असं विचारलं नाही. पास.

वजन ४६० ग्रॅम. तात्यांचं मनगट खूश. पण आखूड दांड्यामुळे स्वतःच्या पाठीवर पोचत नाही, हे मान्य करायला हवं. कंबरेच्या वर ही दुसऱ्यानं धरायची वस्तू आहे.

ओले हात, घाम, पाऊस. ही जलरोधक नाही. दांडा निसटतो म्हणून मी सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली. दुकानदाराला आवडणार नाही, न आवडो.

३० जून, सोमवार

काळीच्या विक्रेत्याचा मेल : "वस्तू वापरलेली आढळल्यास परतावा मिळणार नाही." वापरल्याशिवाय कळणार कसं, असं लिहिलं. ६.५ मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियरचा फोटो आणि १२ लिहिलेल्या खोक्याचा फोटो शेजारी शेजारी जोडले.

६ जुलै, रविवार

एक गडबड झाली. चहा चालू असताना धाकट्यानं गन घेतली आणि कडक गोळा लावून नडगीच्या हाडावर तिसऱ्या स्पीडला फिरवली. दुपारी फोटो आला, चार बोटं रुंद निळा डाग. काही दिवसांत जाईल, पण ताईंना विचारून नियम लिहून काढले आणि खोक्याच्या झाकणात चिकटवले.

हाडावर, गुडघ्याच्या वाटीवर, सांध्यावर नाही. मानेच्या पुढे-बाजूला अजिबात नाही. गन मानेवर वापरल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटल्याचं वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेलं उदाहरण आहे. एका जागी एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. २०२१ मध्ये चीनमधल्या एका तरुण मुलीची नोंद आली आहे : सायकल चालवून थकलेल्या मांड्यांवर गन वापरल्यानंतर स्नायू इतके विरघळले की लघवी काळपट झाली, रुग्णालयात भरती व्हावं लागलं. तिला उपचार न झालेला सौम्य अ‍ॅनिमियाही होता. असं क्वचितच होतं, पण लघवी चहासारखी दिसली तर घरी पाणी पीत बसायचं नाही, हे नऊही जणांना पाठ पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फुगलेल्या शिरांवर नाही. हा शेवटचा नियम वहिनींनी वाचला आणि काही न बोलता डाव्या पोटरीसाठी आपलं नाव यादीतून खोडलं.

आणि कडक, गोळीसारखं टोक मी काढून घेतलं. ते माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मागू नये.

१३ जुलै, रविवार

गन दोन दिवस घरी होती. आबांनी (वडील, ७१) बघितली. आबा तरुणपणी तालमीत होते. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मळलेली असायची आणि मेहनत झाली की दोघं दोघं एकमेकांना तेल लावून रगडायचे. त्यांना यंत्राचं कौतुक वाटेल असं मला वाटलं नव्हतं, वाटलंही नाही. पण मी पोटरीवर चालवत होतो ते पाच मिनिटं बघून म्हणाले, "एकाच जागी काय हातोडा मारतोयस? भिंतीला चुना लावतोस तसं सरकव की. खालून वर. आणि पाय सैल सोड, उभा राहून काय करतोस."

उभं राहून करत होतो हे खरं. उभं राहिलं की पोटरी आवळलेली असते आणि आवळलेल्या स्नायूवर गोळा टणटण उडतो. पालथं झोपून, घोट्याखाली उशी घेऊन, सावकाश सरकवत केलं तर तीच गन, तोच स्पीड, पण आत उतरते. १० सेंटिमीटरला साधारण चार-पाच सेकंद. एका अर्थी चाचणी परत घ्यायला हवी होती, कारण २९ तारखेला सगळ्यांनी उभ्यानं किंवा गाडीच्या सीटवर तंगडी टाकून करून घेतलं होतं.

मग आबांनी गन हातात घेतली, खांद्यावर ठेवली, तिसऱ्या स्पीडला नेली, आणि बातम्या संपेपर्यंत परत दिली नाही. मध्येच दोनदा ती आपोआप बंद पडली (दहा मिनिटांनी पडते), तेव्हा मला हाक.

१५ जुलै, मंगळवार

काळीचे पैसे आले. पाठवणीचे ९९ कापून १,४००.

२० जुलै, रविवार

मनात खूप दिवस होतं ते केलं. घाट पूर्ण, उतार जोरात. खाली आल्यावर सहा जण तयार झाले : उजव्या पायाला गन, मांडीला दोन मिनिटं आणि पोटरीला दोन, डाव्याला काही नाही. कुठल्या पायाला करायचं याचं नाणं उडवायला हवं होतं, ते पावसात कुणाला सुचलं नाही. रविवार संध्याकाळ, सोमवार सकाळ, मंगळवार सकाळ, जिना उतरताना प्रत्येक पायाला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा आणि दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही.

२२ जुलै, मंगळवार

आकडे आले. रविवारी संध्याकाळी सहापैकी चार जणांना उजवा हलका, दोघांना सारखाच. सोमवारी तिघांना उजवा बरा, तिघांना सारखा. आज, म्हणजे जेव्हा खरं दुखतं तेव्हा, दोघांना उजवा बरा, तिघांना सारखा, एकाला (मी) डावा बरा.

सहा माणसं, प्रत्येकाला ठाऊक की कुठल्या पायाला झालंय, त्यामुळे यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण ताई बोलल्या होत्या त्याच्याशी जुळतं. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी थोडं, तिसऱ्या दिवशी मांडी आपलं जे ठरलंय तेच करते. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, मग तीनशे रुपये कशाला? मास्तरांनी उत्तर दिलं, की रविवारी संध्याकाळी त्यांना पोरांसोबत क्रिकेट खेळता आलं, त्याचे तीनशे. मॅडमनी दिले.

माझं मत वेगळं आहे. गनपेक्षा जास्त फरक मला दर रविवारी उतार थोडा थोडा वाढवत गेल्यानं पडला. १० जूनला कठडा धरला होता, आज नाही धरला. एकदा उतार पळून झाला की पुढच्या खेपेला तोच उतार कमी दुखवतो, काही आठवडे ते शरीराच्या लक्षात राहतं. त्याला चार्जिंग लागत नाही. पण हे ग्रुपवर लिहिलं तर वर्गणीचा विषय परत निघेल, म्हणून फक्त वहीत.

२७ जुलै, रविवार

निर्णय : राखाडी.

दोन रविवार म्हणता म्हणता पाच झाले, दुकानदार काही बोलला नाही. बाकीचे १,६५० दिले. हँडलची टेप बघून हसला. बिलावर शिक्का, वर्षाची वॉरंटी, सिरियल नंबर त्याच्या हातानं लिहून घेतला. २,७०० मधून ५० उरले. चेनची पिशवी १२० ची, वरचे ७० तात्यांनी घातले आणि ते सगळ्यांना सांगितलं.

ऑनलाइन अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या गन दोन हजारात मिळत होत्या. साडेसहाशे जास्त दिले ते पावलावर असलेल्या दुकानासाठी आणि घ्यायच्या आधी व्हाइसमध्ये धरू दिली त्यासाठी. धाकट्याला स्क्रीन मिळाली नाही. चार दिवे आहेत.

पिटुकली धाकट्याच्या आजीकडे गेली. हलकी थरथर त्यांना हाताच्या पंजाला बरी वाटते म्हणे. तेव्हा ती वाया गेली असं म्हणता येणार नाही, तिचं काम वेगळं निघालं.

१७ ऑगस्ट, रविवार

गोळा सैल झाला होता, चालताना टकटक. डोकं नुसतं दाबून बसतं, आत रबराची रिंग आहे आणि तिच्यावर तेलाचा ओशटपणा आला होता. कुणीतरी तेल लावलेल्या पायावर वापरली. विचारलं, सगळे गप्प. मास्तर जास्त गप्प. रिंग साबणाच्या पाण्यानं पुसली, कोरडी केली, घट्ट बसली. तेल लावायचं असेल तर आधी गन, मग तेल. किंवा मधे पातळ कापड.

दुसरं म्हणजे कुणाकडे आहे ते दर वेळी ग्रुपवर शोधावं लागतं. पिशवीत छोटी वही घातली : तारीख, कोणी नेली, किती दिवे होते.

३१ ऑगस्ट, रविवार

शर्यतीआधीचा शेवटचा लांब घाट. सगळे नऊ खाली आले, कुणी लंगडत नाही. गन कुणी मागितलीच नाही, तात्या सोडून.

पिशवीतली वही चाळली. सगळ्या मिळून २३ नोंदी, त्यातल्या नऊ आमच्या घरच्या, "आबांसाठी". पुढच्या वर्गणीत आमच्याकडून दोन माणसांचे घ्यावेत असा ठराव मॅडमनी मांडला, पास झाला.

गन सध्या मास्तरांकडे. त्यांनी रात्री फोन केला की चार्ज होत नाही, बिघडली. एका टोकाला चपटी असलेली जुनी केबल शोधा म्हणून सांगितलं. पोराच्या स्पीकरची सापडली.